गुडघ्यांची झीज आणि रक्तवाहिन्यांचे आरोग्य : गुडघा दुखतो म्हणून चालणे थांबवावे का?



माध्यमिक वर्गात ऊती शिकवताना आपण एक वाक्य पटकन सांगून पुढे जातो : कास्थीमध्ये रक्तवाहिन्या नसतात. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत एक गुण मिळतो आणि विषय तिथेच संपतो. पण घरोघरी दुखणारे गुडघे समजून घ्यायचे असतील, तर हेच वाक्य नीट उलगडून पाहावं लागतं. जिथे रक्तच पोहोचत नाही ती ऊती जगते कशी? ती झिजली तर भरून का येत नाही? आणि गुडघ्याचं दुखणं असलेल्यांना डॉक्टर बीपी, शुगर, वजन यांबद्दल का विचारतात?

आजच्या पाठात आपण ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज, आणि रक्तवाहिन्यांचं आरोग्य यांचं नातं पाहणार आहोत. हा विषय केवळ माहितीचा नाही. "गुडघे दुखतात ना, मग बसून राहा" असं आपण घरातल्या मोठ्यांना प्रेमाने सांगतो. हा सल्ला त्यांच्या हृदयाला महाग पडू शकतो. तो कसा, हे शेवटपर्यंत वाचल्यावर लक्षात येईल.

१) ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे नेमकं काय?

बोलीभाषेत आपण सांध्याच्या प्रत्येक दुखण्याला 'संधिवात' म्हणतो. प्रत्यक्षात त्याचे अनेक प्रकार आहेत. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर हल्ला करते. गाऊटमध्ये युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात साचतात. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण हळूहळू खराब होतं, खालचं हाड कडक आणि जाड होतं, सांध्याच्या कडेला हाडाची टोकं वाढतात आणि सांध्याच्या आतल्या अस्तराला सौम्य सूज येते. हा आजार संपूर्ण सांध्याचा असतो. गुडघा, खुबा, हाताची बोटं आणि मणके यांना तो जास्त होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता. त्यांत साधारण ७३ टक्के लोक ५५ वर्षांपुढचे आणि ६० टक्के महिला होत्या. सर्वांत जास्त त्रास गुडघ्यांचा, सुमारे ३६ कोटी ५० लाख लोकांना.

"गुडघ्यातलं वंगण संपलं" असं वाक्य आपण नेहमी ऐकतो. ते पूर्ण बरोबर नाही. निरोगी गुडघ्यात संधिद्रव असतोच मुळी थोडासा, चहाच्या एका चमच्याहूनही कमी. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये तो बऱ्याचदा वाढतो, म्हणून तर गुडघा सुजतो. फक्त तो पातळ होतो आणि त्याचा चिकटपणा कमी होतो. म्हणजे प्रश्न वंगणाच्या प्रमाणाइतकाच त्याच्या दर्जाचा, आणि त्याहून जास्त सांध्याच्या पृष्ठभागाचा आहे.

२) रक्ताविना जगणारी ऊती

हाडांच्या टोकांवरच्या या आवरणाला कूर्चा म्हणतात. शालेय विज्ञानात आपण तिलाच कास्थी म्हणतो. मटणाच्या नळीचं टोक कधी नीट पाहिलं असेल, तर तिथला पांढरा, चकचकीत, निसरडा थर म्हणजेच कूर्चा. माणसाच्या गुडघ्यात ती बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटर जाड असते. गुडघ्याच्या वाटीमागे ती थोडी अधिक जाड असते.

कूर्चेच्या वजनात बराचसा भाग, साधारण ७० टक्क्यांच्या आसपास, पाण्याचा असतो. उरलेल्या भागात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू आणि पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू असतात. यांच्या जाळ्यात थोड्याशा पेशी विखुरलेल्या असतात. रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतू नाहीत.

मग या पेशींना प्राणवायू आणि अन्न मिळतं कुठून? मुख्यतः संधिद्रवातून. आणि संधिद्रव कुठून येतो? सांध्याच्या आतल्या अस्तरात केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. तिथल्या रक्तातून गाळून आलेला द्रव आणि अस्तराच्या पेशींनी बनवलेले चिकट रेणू मिळून संधिद्रव तयार होतो. त्यातली पोषकद्रव्यं कूर्चेत झिरपतात. म्हणजे कूर्चेत रक्त नसलं तरी तिचं जेवण शेवटी रक्तातूनच येतं. शेतात पाट नाही, पण बांधापलीकडून ओल झिरपते, तसंच हे.

इथे हालचालीचं महत्त्व येतं. पाऊल टाकलं की कूर्चा दाबली जाते आणि तिच्यातला थोडा द्रव बाहेर येतो. पाऊल उचललं की दाब सुटतो आणि द्रव पुन्हा आत शिरतो. या दाबणं-सोडण्यामुळे द्रवाची ये-जा होते आणि पोषणाला मदत मिळते. म्हणून कूर्चेला मोजकी, नियमित हालचाल हवी असते. प्लास्टरमध्ये किंवा अंथरुणात फार काळ न हललेल्या सांध्याची कूर्चा पातळ आणि मऊ होते.

आता दुसरा प्रश्न : ती भरून का येत नाही? बोट कापलं तर काय होतं ते आठवा. रक्त येतं, गुठळी बनते, रक्ताबरोबर दुरुस्तीच्या पेशी येतात आणि जखम भरते. कूर्चेला जखम झाली तर यातलं काहीच होत नाही, कारण तिथे रक्त पोहोचतच नाही. विल्यम हंटर या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात लिहून ठेवलं होतं की, एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. जवळपास तीन शतकं झाली, तरी झिजलेल्या गुडघ्याची कूर्चा पूर्ववत करणारं औषध अजून हाती नाही. 'महिन्याभरात कूर्चा पुन्हा तयार' अशा जाहिराती पाहताना हे वाक्य लक्षात ठेवावं.

३) कूर्चेखालचं हाड : इथे रक्तवाहिन्याच रक्तवाहिन्या

कूर्चा ज्या हाडावर बसलेली असते, त्या हाडाची गोष्ट अगदी उलट आहे. त्याला भरपूर रक्तपुरवठा असतो. कूर्चेच्या सर्वांत खालच्या थराला काही प्रमाणात या हाडाकडूनही पोषण मिळतं, असं प्रयोगांतून दिसलं आहे.

हाडाचा रक्तपुरवठा बिघडला तर सांध्याचं काय होतं, याचं ठळक उदाहरण खुब्यात दिसतं. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा काही कारणाने, उदाहरणार्थ अति मद्यपान किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्यामुळे, तुटला तर तिथलं हाड मरतं आणि ढासळतं. त्यावरच्या कूर्चेला आधारच उरत नाही आणि सांधा लवकर निकामी होतो. हा वेगळा आजार आहे, पण सांध्याचा पाया रक्तावर उभा आहे हे त्यातून स्पष्ट होतं.

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये हा बिघाड इतका एकदम होत नाही. कूर्चेखालच्या हाडातून अशुद्ध रक्त बाहेर पडायला अडथळा येतो आणि हाडाच्या आतला दाब वाढतो, असं अनेक रुग्णांत आढळलं आहे. रात्री पडल्या-पडल्याही ठणकणाऱ्या दुखण्याशी या दाबाचा संबंध जोडला जातो. २००० नंतरच्या दशकात काही संशोधकांनी एक विचार मांडला : मोठ्या धमन्या जशा चरबीच्या थरांनी अरुंद होतात, तसा लहान वाहिन्यांतला प्रवाह मंदावला तर कूर्चेखालचं हाड उपाशी राहत असेल, आणि झीज वाढायला तेही एक कारण ठरत असेल. या विचारामुळे 'वयानुसार घासला गेलेला सांधा' हे जुनं चित्र बदलायला सुरुवात झाली.

४) नको तिथे वाढणाऱ्या रक्तवाहिन्या

इथे गोष्टीला एक वळण आहे. निरोगी कूर्चा रक्तवाहिन्यांना आपल्यात शिरू देत नाही. त्यांची वाढ रोखणारे पदार्थ ती स्वतः बनवते. आजारात मात्र ही तटबंदी ढासळते. सूज आणि प्राणवायूची कमतरता यांमुळे नव्या वाहिन्यांना बोलावणारे रासायनिक संदेश वाढतात. मग खालच्या हाडातून बारीक वाहिन्या वर चढतात आणि हाड व कूर्चा यांच्यातली सीमारेषा ओलांडतात.

"मग बरंच झालं की, आता तरी रक्त मिळेल!" असं एखादा चुणचुणीत विद्यार्थी नक्की म्हणेल. पण तसं होत नाही. वाहिन्यांबरोबर आत शिरलेला कूर्चेचा भाग हळूहळू हाडात बदलू लागतो, म्हणजे कूर्चा खालून पातळ होते. शिवाय या वाहिन्यांच्या सोबतीने बारीक चेतातंतूही येतात. जिथे दुखायची सोयच नव्हती, तिथे वेदना पोहोचते.

यावरून एक नेहमीचं कोडं थोडं सुटतं. एखाद्याच्या एक्स-रेमध्ये झीज बरीच दिसते, पण तो आरामात फिरतो. दुसऱ्याचा एक्स-रे जवळपास ठीक, तरी जिना चढवत नाही. कूर्चेला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना येते ती खालच्या हाडातून, सुजलेल्या अस्तरातून, आजूबाजूच्या स्नायूंतून आणि अशा नव्याने शिरलेल्या चेतातंतूंतून. म्हणून उपचार एक्स-रेचे करायचे नसतात, माणसाचे करायचे असतात.

५) मुळं एकच : अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या रहिवाशांवर १९४८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासामुळे उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध जगाला समजला. पुढे याच लोकांच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढले गेले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसलं की, तरुण-मध्यम वयात ज्यांचं वजन जास्त होतं त्यांना अनेक वर्षांनी गुडघ्याची झीज अधिक झाली. १९९२ च्या निष्कर्षानुसार ज्या महिलांचं वजन दहा वर्षांत सुमारे ५ किलोने कमी झालं होतं, त्यांना त्रासदायक गुडघेदुखीचा धोका निम्म्याहून कमी होता. हृदयासाठी सुरू झालेला अभ्यास गुडघ्यापर्यंत पोहोचला, हा काही योगायोग नाही.

वजनाचा भार गुडघ्यावर पडतो हे आपल्याला सहज पटतं. पण बोटांचं काय? बोटांवर तर आपण चालत नाही. तरीही लठ्ठ व्यक्तींमध्ये हाताच्या सांध्यांची झीज जास्त आढळते. कारण पोटाची चरबी नुसती पडून राहत नाही. ती दाह वाढवणारे पदार्थ रक्तात सोडत असते. हे पदार्थ रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रास देतात आणि सांध्यांनाही. मधुमेहात जास्तीची साखर कोलॅजनला चिकटते. त्याने धमन्यांच्या भिंती कडक होतात आणि कूर्चेचे तंतूही ठिसूळ होतात.

आइसलँडमधल्या रेक्याविक शहरातल्या वृद्धांच्या अभ्यासात (२००९) हातांची झीज जास्त असलेल्या महिलांच्या मानेतल्या आणि हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर अधिक आढळले. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासातही (२०१३) महिलांमध्ये मानेच्या धमनीच्या भिंतीची जाडी आणि गुडघ्याची झीज यांचा संबंध दिसला.

इथे विज्ञान शिक्षक म्हणून एक गोष्ट ठासून सांगायला हवी. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. वय, वजन, मधुमेह, बैठी जीवनशैली ही मुळं दोन्ही आजारांना समान आहेत. काही नातं या समान मुळांमुळे असतं, काही एकमेकांवरच्या परिणामामुळे. "गुडघा दुखतो म्हणजे आता हार्ट अटॅक येणार" असा अर्थ कुणी काढू नये. पण गुडघा तपासायला गेलेल्या माणसाचा बीपी आणि शुगरही पाहावी, एवढा अर्थ नक्की काढावा.

६) खरं संकट : दुखतं म्हणून बसणं

समजा, ६० वर्षांच्या एक आजी आहेत. गुडघा दुखतो म्हणून आधी देवळात जाणं बंद होतं, मग भाजीला जाणं, मग जिना उतरणं. घरचेही म्हणतात, "आई, तू बस, आम्ही करतो." वर्षभरात वजन ५-६ किलोने वाढतं. मांडीचे स्नायू बारीक होतात. गुडघ्याला सावरणारे हेच स्नायू असल्याने गुडघा आणखी दुखतो. बीपीची गोळी एकाची दोन होते. साखर वाढते. आजींचं फक्त चालणं बंद झालं, पण चालण्याबरोबर काय काय बंद झालं ते पाहा.

आपण चालतो तेव्हा धमन्यांतून रक्त वेगाने वाहतं. त्या प्रवाहाच्या घर्षणाने वाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतं. त्याने वाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पायातल्या शिरांतलं रक्त वर चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात, म्हणून पोटरीला 'दुसरं हृदय' म्हणतात. चालणं थांबलं की हे दोन्ही मंदावतं.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात गुडघ्याची किंवा खुब्याची झीज असलेल्या १,१६३ लोकांचा पाठपुरावा करण्यात आला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांपेक्षा सुमारे ५५ टक्के जास्त होतं, आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी झालेल्या मृत्यूंत हा फरक आणखी मोठा होता. ज्यांचं चालणं जास्त अडलं होतं, त्यांना धोका अधिक होता. गुडघेदुखीने कुणी मरत नाही असं आपण म्हणतो. गुडघ्याने थेट नाही, पण थांबलेल्या पावलांनी आयुष्य कमी होऊ शकतं.

७) वेदनाशामक गोळ्या : गुडघ्याला आराम, बीपीला भार

दुखलं की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळी आणायची, ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे दाह आणि वेदना कमी होते. पण हेच पदार्थ मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह आणि जठराचं अस्तर सांभाळत असतात. ते कमी झाले की शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब वाढतो, बीपीच्या काही गोळ्यांचा परिणाम घटतो आणि पोटात व्रण होऊ शकतो. दीर्घकाळ किंवा जास्त मात्रेत घेतल्यास हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोकाही वाढतो.

याचा सर्वांत मोठा धडा २००४ मध्ये मिळाला. रोफेकॉक्सिब नावाचं सांधेदुखीवरचं लोकप्रिय औषध हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवतं असं दिसल्याने जगभरातून मागे घेण्यात आलं. २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने हृदयविकार असलेल्यांना किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना डायक्लोफेनॅकच्या गोळ्या देऊ नयेत असं बजावलं.

याचा अर्थ गोळी कधीच घ्यायची नाही असा नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेली, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस घेतलेली गोळी उपयोगी असते. वरून लावायच्या जेलमधलं औषध रक्तात फार कमी जातं, म्हणून गुडघ्यासाठी बऱ्याचदा आधी तेच सुचवतात. डॉक्टरांकडे जाताना बीपी, शुगर, हृदय, मूत्रपिंड यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. आणि नाव-गाव नसलेल्या 'वातावरच्या पुड्या' टाळाव्यात. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं. त्याने दोन दिवसांत आराम वाटतो खरा, पण साखर आणि रक्तदाब दोन्ही चढतात.

८) दुखणं सांध्याचं की रक्तवाहिनीचं?

पाय दुखला की आपण गुडघ्यालाच दोष देतो. पण कधी कधी मूळ दुखणं रक्तवाहिनीत असतं. फरक साधारण असा ओळखता येतो :

• सांध्याची झीज : सकाळी किंवा बराच वेळ बसून उठल्यावर सांधा आखडतो, थोडं चालल्यावर सैल होतो. हा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो. जिना चढता-उतरताना, मांडी घालून बसून उठताना गुडघ्यात दुखतं, कटकट आवाज येतो.

• पायाच्या धमन्या अरुंद होणं : ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा आल्यासारखं दुखतं, नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत थांबतं, पुन्हा तेवढंच चालल्यावर परत दुखतं. पाय गार पडतो, पावलावरची जखम लवकर भरत नाही. तंबाखू-विडी ओढणारे आणि मधुमेही यांनी विशेष लक्ष द्यावं.

• शिरेत गुठळी : एकाच पायाची पोटरी अचानक सुजते, गरम लागते, दुखते. यात वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तडक रुग्णालय गाठावं.

गुडघा गरम, लाल झाला आणि ताप आला, तर तेही साध्या झिजेचं लक्षण नव्हे. तेव्हा चोळत-शेकत बसू नये.

९) मग करायचं काय?

गुडघ्यासाठी जे चांगलं, तेच बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांसाठीही चांगलं असतं. म्हणजे एका कामात दोन फायदे.

• सपाट रस्त्यावर, चांगल्या चपला-बुटांत, दहा-दहा मिनिटं करून चालावं. आठवड्याला एकूण १५० मिनिटांचं लक्ष्य हळूहळू गाठावं. चालणं फारच दुखत असेल तर सायकल किंवा पाण्यातले व्यायाम चालतात.

• व्यायामाने थोडं दुखणं वाढलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत नेहमीसारखं झालं, तर घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशीही जास्तच दुखलं तर प्रमाण कमी करावं, बंद करू नये.

• खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, मग खाली. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मांडीच्या पुढच्या स्नायूंसाठी हा सोपा आणि उपयोगी व्यायाम आहे. स्टाफरूममध्येही करता येतो.

• वजन : एका अमेरिकन अभ्यासानुसार (२००५) शरीराचं वजन १ किलोने घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने घटतो. दिवसाला काही हजार पावलं टाकली तर हिशोब मुलांनाच करायला सांगा.

• काठी वापरायला लाजू नये. ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते. काठी घेऊन बाजारात जाणं हे काठीविना घरात बसण्यापेक्षा कधीही चांगलं.

• खाली बसणं, उकिडवं बसणं त्रासाचं असेल तर खुर्ची, उंच पाट, कमोड यांची सोय करावी. ही सोय चालणं सुरू ठेवण्यासाठी आहे, हे मात्र विसरू नये.

• बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल वेळच्या वेळी तपासावं. विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री सोडावी.

आपण शिक्षक तासन् तास उभे असतो. एकाच जागी उभं राहिलं की गुडघ्यावर भार राहतो, पण दाबणं-सोडणं होत नाही, आणि पायातल्या शिरांत रक्त साचतं. म्हणून फळ्यापाशी खिळून राहण्यापेक्षा बाकांमधून फिरत शिकवावं, लेखनकार्य देताना पाच मिनिटं बसावं. गुडघे आधीपासून दुखत असतील तर डॉक्टरांना विचारून व्यायाम ठरवावा.

१०) वर्गात कसं शिकवाल?

साहित्य : भांडी घासायचे दोन सारखे स्पंज (पूर्ण ओले करून घेतलेले), दोन ताटल्या, रंगीत पाणी.

कृती : दोन्ही ताटल्यांत थोडं रंगीत पाणी घ्या आणि प्रत्येकीत एक ओला स्पंज ठेवा. पहिल्याला हात लावू नका. दुसरा दर काही सेकंदांनी हलका दाबा आणि सोडा. पाच मिनिटांनी दोन्ही मधोमध कापून रंग कुठवर पोहोचला ते पाहा. आपोआप झिरपणं आणि हालचालीने होणारं पोषण यांतला फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल. खरी कूर्चा स्पंजपेक्षा कितीतरी घट्ट असते, एवढं मात्र सांगून ठेवा.

गृहपाठ म्हणून मुलांना आजी-आजोबांबरोबर रोज दहा मिनिटं चालायला सांगा आणि आठवडाभर वहीत नोंद ठेवायला सांगा : किती चाललो, कुठे थांबलो, दुसऱ्या दिवशी गुडघा कसा होता. आजी-आजोबांना सोबत मिळेल आणि मुलांना निरीक्षणाची सवय लागेल.

चर्चेसाठी प्रश्न :

१. कूर्चेत रक्तवाहिन्या नसूनही तिचं पोषण रक्तावर कसं अवलंबून असतं?
२. कापलेलं बोट भरतं, पण झिजलेली कूर्चा भरत नाही. असं का?
३. 'दोन आजार एकत्र आढळतात' आणि 'एक आजार दुसऱ्याला कारणीभूत आहे' या दोन विधानांत काय फरक आहे?
४. बीपीची गोळी चालू असलेल्या व्यक्तीने वेदनाशामक गोळी स्वतःहून का घेऊ नये?

थोडक्यात सांगायचं तर, गुडघा आणि हृदय शरीरात दूर असले तरी दोघांना सांभाळणारी पाऊलवाट एकच आहे. घरातल्या मोठ्या माणसांना आता "तुम्ही बसा" म्हणण्याऐवजी "चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" म्हणूया.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेतल्या सहकाऱ्यांना आणि पालकांना जरूर वाचायला द्या.